उलटी बाजू

गाडी वेशीबाहेरच ठेवा, गल्लीत मावत नाही,
असं पानठेल्यावाला म्हणाला आणि आम्ही पाच जण उतरलो.
बाबा पुढे, जणू पवनी त्यांनीच वसवली.
आई मागे, कापडी पिशवी छातीशी धरून.
भाऊजी, ज्यांना नागपूर सोडल्यापासून आलूबोंडा हवा होता.
रेणू, वय सात, चपलेचा अंगठा तुटलेला.
आणि मी, सगळ्यांचं पाणी वाहणारी.

"हा परकोट. अन् ही कोष्ट्यांची गल्ली.
तीनशे माग चालत इथं, एकाच वेळी.
मानसं बोलत नव्हती, खुणा करत."
आता एक कुत्रं भुंकलं तरी
आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन परत येत होता.

घरं बुटकी. ओट्यांना अजून त्या खुंट्या,
ज्यांना ताणा बांधून गल्लीभर खळ लावत.
आज एकीवर कुणाचं हेल्मेट, एकीला डिशची वायर.
एका दारावर लाकडात कोरलेला मोर, एकाच पायाचा.
रेणूनं दुसरा पाय शोधला
नालीत, ओट्याखाली, अगदी मन लावून.

माग बघायला मिळेल का?
पहिल्या घरी नवरा सुरतेला गेलेला.
दुसऱ्या घरी माग विकलेला, सरपणाच्या भावानं.
तिसऱ्या घरातून आवाज आला,
"सोरतेबुवाकडं जा जी. खोकते, पन चालते."
बुवा की माग, ते विचारायचं राहिलं.

खड्ड्यात पाय सोडून बसले होते उकंडराव सोरते.
कमरेपर्यंत जमिनीत,
पेरलेले आणि अर्धेच उगवलेले.
तीन धोटे. मधला कोशाचा, दोन काठांचे,
आणि जिथं रंग रंगाला भेटतो
तिथं बोटानं धागा धाग्यात अडकवायचा.
मग फणी. ठप्प.
मग पुन्हा.
"दिवसाला किती होतं?" भाऊजींनी विचारलं.
"वीतभर. डोरे बरे असले तं."

तेव्हा आईनं पिशवी उघडली.
लग्नातलं कोशाचं लुगडं, घड्यांवर काळवंडलेलं.
बाबांनी सुरू केलं, जे आम्ही शंभरदा ऐकलंय:
शहात्तर साल, ऐन वैशाख,
भंडाऱ्याहून सायकलनं इथवर, अख्खा पगार मोजून,
याच गल्लीतून.
"पाहा बरं बुवा, कोनाच्या हातचं?"

उकंडरावांनी काठ उलटा केला.
त्यांच्या मागावर मघाशीच पाहिलं होतं,
करवतीचे दात दोन्हीकडून सारखे,
उलटं कुठलं, सुलटं कुठलं, कळतच नाही.
या काठामागे धागे सुटे होते,
कापलेले, मिशांसारखे.

त्यांनी त्यावर अंगठा ठेवला.
बाबांकडे पाहिलं.
बाबांच्या कपाळावर घाम, आणि तोंडभर आनंद.
"हात नाही सांगता येत," ते म्हणाले, "पन इथलंच जी."
अंगठा तसाच.

भाऊजींनी फोटो काढला. बाबा छाती काढून उभे.
मी आईकडे पाहिलं.
आई त्या अंगठ्याकडे पाहत होती.

घाटावर आलूबोंडा मिळाला एकदाचा.
वैनगंगा रेतीतून अंग चोरून वाहत होती.
खाली पाण्यात पाय बुडवून बाबा भाऊजींना सांगत होते,
तीनशे मागांचे आता पाचशे झाले होते.

"आई, तो काठ..."
"माहीत आहे. पहिल्या धुण्यातच दिसलं मले."
"मग इतकी वर्षं?"
तिनं मिरची मोडली, अर्धी मला दिली.
"लग्नात पाटावर बसता येत नव्हतं त्यायले, एवढं सोललं होतं.
सायकल तं खरी होती ना बाप्पा."

रेणूच्या हातात उकंडरावांनी दिलेली रिकामी कांडी.
ती डोळ्याला लावून
ती केव्हाची पैलतीर न्याहाळत होती.
मोराचा पाय तिकडं असेल, म्हणाली.