सांधणारी

मालपिकाच्या धक्क्यावर
आम्ही सहाजणी. आता चौघी.
बुटक्या स्टुलांवर, मांडीवर हिरवं जाळं घेऊन
समुद्राकडे पाठ करून बसतो.
समुद्र पुरुषांनी बघायचा. आम्ही भोकं बघतो.

चाळीस वर्षं सांधत आले,
मग सांधेच उलटले माझ्यावर.
आधी डाव्या हाताची दोन बोटं,
सकाळी बर्फातल्या सार्डिनसारखी ताठ.
मग उजवा हात. मग कोपरावर गाठी,
मी न मारलेल्या,
म्हणून सोडवताही न येणाऱ्या.

नात उक्सिया बटणं लावून देई.
बरणीचं झाकण, नळ, दुधाचा खोका.
म्हटलं, एवढंच ना,
एवढं हाताबाहेर गेलेलं चालेल.

दम लागायचा, तो मी चढाच्या नावावर टाकला.
घर चढावर, आणि मी त्रेसष्टची.
गुडघे चालू देत नव्हते,
म्हणून काळजाला
तक्रार करायची वेळच आली नाही.
(हे डॉक्टरीणबाईंचं. तिने जरा लांबलचक सांगितलं.)

कोरुन्याच्या इस्पितळात अंधारी खोली,
छातीवर गार चिकट काहीतरी.
पडद्यावर एक झडप उघडत होती, मिटत होती,
डेकवर टाकलेल्या माशाचं तोंड.
माझं?
तुमचंच.
भोवती काळी कड.
ते पाणी, ती म्हणाली, आवरणाला सूज आलीय.
बोटांतली आग बोटांत थांबत नाही, दोन्या ओबदुलिया,
रक्ताबरोबर हिंडते,
वाहिन्या आतून खरखरीत करून ठेवते.

बोटीत पाणी आलं की काय करतात
ते मला ठाऊक आहे.
माझा एवारिस्तो डब्याने उपसायचा, शिव्या घालत.
इथं कुणी उपसायचं?
गोळ्या, ती म्हणाली. आणि सिगारेट?
चौदाव्या वर्षापासून.
चेहरा न हलवता लिहून घेतलं तिने.

आता सोमवारी पिवळ्या गोळ्या, आठवड्यातून एकदाच,
मंगळवारी त्यांच्यावर उतारा म्हणून दुसरी,
रोजची एक कोलेस्टेरॉलची.
पाणी ओसरलंय. पुन्हा येणार नाही
असं कुणी म्हणालेलं नाही.

ब्रेइशो नावाचा पोरगा शिकायला येतो,
आमच्यातला पहिलाच पुरुष.
गाठ तोंडी सांगता येत नाही
आणि माझ्या बोटांना दाखवता येत नाही,
म्हणून त्याचाच हात धरून फिरवते.
अंगठ्याखाली त्याची नाडी,
उद्धट, बिनचूक.

विचारतो, एवढंसं भोक, मग कात्री कशाला?
कडेचे फासे बघ, म्हणते.
धड दिसतात, ओढले की तुटतात.
धड फासा लागेपर्यंत कापायचं,
भोक मोठं झालं तरी.
तिथून सांधायला घ्यायचं.

तो कापतो. जरा जास्तच कापतो.
गुरुवारी बोट निघायची आहे.
माझ्या खिशात अजून एक सिगारेट आहे,
खिशाचं बटण मला लावता येत नाही.