खालील शब्दांचे लिंग ओळखा

सकाळी साडेसातला मी लापशी ढवळते.
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर-अगर,
बुरशी धरू नये म्हणून वरून औषधाचे चार थेंब.
तिसऱ्या मजल्यावरून वास कलिनाच्या गेटापर्यंत जातो
आणि वॉचमन विचारतो, ताई, आज कुणाचं बारसं?

माश्यांचं. रोजच असतं.
गरम कपाटात रात्रभर कोष फुटत राहतात
आणि आठ तासांच्या आत मला
पोरी वेगळ्या काढाव्या लागतात.
गॅस सोडला की सगळ्या आडव्या.
मग चित्रकलेच्या पेटीतला दोन नंबरचा ब्रश
आणि भिंगाखाली बावीस वर्षांची सवय:
पोट टोकदार, शेवटपर्यंत पट्टे, इकडे.
बुडाशी काळं, पुढच्या पायावर बारीक फणी, तिकडे.
फणी नराला असते. विंचरायला नाही,
मादीला धरायला.

माझी नणंद वाकोल्याला सोनोग्राफी सेंटरात बसते.
तिच्या डोक्यावर पाटी:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
आमच्याकडे पाटी नाही.
आमच्याकडे दिवसाला तीनेकशे.

झरीनमॅडमनी एकदा फळ्यावर लांब पट्टी काढली.
म्हणाल्या, दोघांचा मजकूर सेम टू सेम आहे, ज्योत्स्ना,
फक्त कापतात वेगळा.
मादीत चौथा तुकडा ठेवतात, आणि तिथेच गाठ मारतात.
नरात तो गाळून पुढचे दोन जोडतात.
बाबा शिवणकाम करायचे, त्यामुळे मला लगेच कळलं.
कळलं नाही ते पुढचं,
की माशीच्या अंगात रक्तातून हुकूम फिरत नाही,
जी ती पेशी आपली आपण कात्री चालवते.
डोळ्यातली डोळ्यात, पायातली पायात,
शेजारणीला न विचारता.

परवा ग्लेन कोलासो, वसईचा,
भिंगावरून मान न काढता ओरडला, ज्योतूताई, धाव!
डावा डोळा लाल, उजवा पांढरा.
फणी फक्त उजव्या पायावर.
उजवी बाजू आखूड, म्हणून अंग
वेलची केळ्यासारखं वाकलेलं.
एकाच्या दोन पेशी होताना, अगदी पहिल्यांदा,
एक गुणसूत्र हातातून निसटलं असणार,
मग मधोमध रेघ ओढून
अर्ध्या घरात मुलगी वाढली, अर्ध्यात मुलगा.

वही उघडली, आणि माझं व्याकरण अडकलं.
म्युन्सिपाल्टीच्या शाळेत सामंतबाई छडी नाचवत विचारायच्या:
माशी? ती.
डास? तो. (चावते ती मादीच.)
मुंगळा? तो. (साखर वाहणारा प्रत्येक मुंगळा बाई आहे, बाई!)
फुलपाखरू? ते.
आणि नर माशी? बाई गप्प बसल्या असत्या.
मधमाश्यांच्या नराला बाप नसतो, आजोबा असतो,
हे ऐकलं असतं तर
वर्गाबाहेर उभं केलं असतं मला.

तेवढ्यात गॅस उतरला.
ती उठली. तो उठला.
ग्लेनने एक मादी आत सोडली.
नर गातो तेव्हा एकच पंख उघडतो,
तसा उजवा पंख आडवा झाला, थरथरला.
आम्ही दोघंही श्वास धरून.
मादीने पाय झाडले आणि लापशीकडे गेली.

संध्याकाळी मॅडमनी वही तपासली.
मादी १४१. नर १३६.
एकूण २७८.
चष्मा वर सारून त्यांनी पुन्हा बेरीज केली,
मग बोटांवर,
मग त्यांना दोन रकान्यांमधल्या रेघेवर
माझा एक उभा टिंबाएवढा एक दिसला.
काही बोलल्या नाहीत. सही केली.

मी पातेलं भिजत घातलं.
तळाशी गूळ लागला होता.