पी.पी.

लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्याच्या केसपेपरवर
आमच्या चाळीतले सगळे एकच नंबर लिहीत
आणि पुढे कंसात: पी.पी.
त्याचा अर्थ कुणी विचारला
तर मी सांगायचो, पळत पळत.
कारण फोन रेडकरांचा, पहिल्या मजल्यावर,
आणि पाय माझे.

चिंचपोकळी. तीन मजले, बावन्न खोल्या.
काळा फोन, त्यावर क्रोशाचा रुमाल,
डायलच्या भोकात पितळी कुलूप.
शेजारी बोर्नव्हिटाचा डबा, झाकणाला चीर पाडलेली.
बाहेर लावायचा तर आठ आणे.
आलेला फोन फुकट,
त्याचे पैसे माझ्या पोटऱ्या फेडायच्या.

"छत्तीस नंबर! फोन!"
आणि छत्तीस नंबरवाले पिठाच्या हातांनी खाली.
पण काकूंनी रिसीव्हर पदराखाली झाकून धरला असेल
तर ओरडायचं नाही.
जवळ जायचं, हळू म्हणायचं,
"जरा खाली येता?"
आणि जिन्यात त्यांच्या पुढे चालायचं नाही,
मागे चालायचं.
दहाव्या वर्षी हे मला येत होतं.
कुणी शिकवलं, आठवत नाही.

एक्याऐंशीचा डिसेंबर, गुरुवार, रात्रीचे नऊ.
कुवेतहून ट्रंक कॉल, शालन घाडीसाठी.
दोन महिन्यांतून एकदा यायचा. तीन मिनिटांचा.
तिसऱ्या मजल्यावरून ती इतक्या जोरात उतरायची
की एकदा तिची एक चप्पल
तिच्या आधी खाली पोचली होती.

त्या दिवशी गॅलरीच्या टोकाला कॅरम मांडलेला.
क्वीन मी घेतली होती. कव्हर बाकी होतं.
मी जिन्यात गेलो, सात पायऱ्या चढलो,
तिथेच उभं राहून वीसपर्यंत मोजलं
आणि खाली येऊन म्हणालो,
घरी नाहीये.
काकूंनी ते तसंच्या तसं पुढे सांगितलं.
तिकडे कुणी श्वास सोडला असेल,
तर तो माझ्यापर्यंत आला नाही.

कव्हर मिळालं.

तो फोन पुन्हा आला नाही.
पत्रं येत होती की नव्हती, ते पोस्टमनला ठाऊक.
शालनताई मात्र कितीतरी गुरुवार
वेणी घालून रेडकरांच्या उंबऱ्यात येऊन बसायची.
"सहज आले, काकू," म्हणायची
आणि त्यांच्या शेंगा सोलून द्यायची.
मी समोर असलो की मूठभर दाणे मलाही.
मी खायचो.

आता चाळीच्या जागी बावीस मजले.
लिफ्टमध्ये माणसं आपापल्या तळहाताकडे बघत वर जातात.
कुणाचा फोन आला, कुणाला कळत नाही.
कुणाचं कोण गेलं, तेही
केकच्या फोटोखाली, सेलच्या जाहिरातीवर,
मधल्यामधे कळतं.
'जुने शेजारी' ग्रुपवर आम्ही एकशे चार जण.
शालनताई कांजूरला असते, एकटी.
पहाटे साडेपाचला गुलाब पाठवते,
एकाच वेळी एकशे चार घरी.
कुणालाही पळावं लागत नाही.

आज रात्री मी तिला वेगळं लिहायला घेतलं.
ताई, एक सांगायचं राहिलं.
पुसलं.
तुला रेडकरांचा फोन आठवतो का
पुसलं.
मी तेव्हा लहान
हे तर लगेच पुसलं.

तेवढ्यात तिचंच आलं:
"विदू, मघापासून टायपिंग टायपिंग दिसतंय.
बोल की."

पूर्वी हे दिसत नसे.
जिन्यात कोण किती वेळ उभं आहे,
वर येतंय की परत फिरतंय,
खोलीत बसलेल्या माणसाला कळत नसे.

मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो.
दोन खुणा. निळ्या.

मग फोनच वाजतो. तीच.
वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो.
आणि घरात दुसरं कुणीही नाही
ज्याला हळूच म्हणता येईल,
सांग, घरी नाहीये.