भ्रष्ट वनस्पती, पातळी सात

राक्षस लिहायला बसलो तेव्हा
खिडकी उघडी होती, म्हणजे चूक माझीच.
मुंढव्याच्या पुलाखालून वास आला
आणि वहीत, "चिलखत : सोळा"च्या शेजारी
हिरवं काहीतरी पसरायला लागलं.

नाव सुचेना.
नियमांच्या जाड पुस्तकात असल्या जिवांना जे विशेषण असतं
त्याचं मराठी केलं तर होतं : भ्रष्ट.
इम्तियाज म्हणाला, बदल, मोर्चातली घोषणा वाटतेय.
मी तसंच ठेवलं.

वसतिस्थान : संथ पाणी, ज्यात वरून कुणीतरी काहीतरी सोडतं.
जीव : एकशे बारा.
चाल : वाऱ्याची मर्जी.
डोळे नाहीत. देठांच्या फुग्यांत
बुडालेल्यांचे श्वास साठवतो,
रात्री एकेक फोडतो,
तेव्हा काठावर ओळखीचा आवाज येतो :
"अगं, जरा हात दे."
(इथे फासा टाकायचा. चौदाच्या खाली पडला
तर हात द्यावाच लागतो.)
फूल : जांभळं. वरच्या पाकळीवर पिवळा डाग.
बघणाऱ्याला वाटतं, इतकं सुंदर आहे
म्हणजे कुणाची तरी परवानगी असणार.

"कमजोरी" हा रकाना रात्रभर रिकामा.
पहाटे लिहिलं : हा मुळात वाईट नव्हता,
जे पाजलं ते प्यायला.
मग खोडलं. त्याने कुणाची तलवार थांबत नाही.
लिहिलं : आग.
आणि खाली बारीक अक्षरात,
बोटाएवढा कोंब उरला तरी पंधरवड्यात पुन्हा सगळा.

तयार पुतळा सतराशे रुपयांना होता.
मी नदीकाठी उतरलो, एक रोप उचललं,
स्टीलच्या वाडग्यात घालून ठेवलं
जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर आखलेल्या नकाशाच्या मधोमध.
काळी मुळं, मुळांत केस, गुटख्याची पुडी.
शाल्मली पाय खुर्चीवर घेऊन बसली.

चार शनिवार लढाई.
इम्तियाजचा मांत्रिक दुसऱ्याच रात्री गेला.
पाण्यातून हाक मारणारा त्याच्या आईचा आवाज मी काढला,
जरा जास्तच चांगला काढला.
तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.
कुणी चहा घेतला नाही.

चौथ्या शनिवारी रेणुका घुलेच्या हातून वीस पडला.
पूर्ण वीस! परशू चालला, तेल ओतलं, नदी पेटली,
आदिनाथ टेबलावर थापा मारत उठला.
मी म्हटलं, एक कोंब उरलाय. दगडाला धरून.
काय करतेस?

रेणुका दिवसा एका ठेकेदाराकडे बिलं लिहिते.
त्याच्या दोन यंत्रांनी दर उन्हाळ्यात
हीच नदी साफ होते,
म्हणजे होत आलेली असते.

ती म्हणाली, "ठेवते."
"ठेवते म्हणजे?"
"म्हणजे ठेवते. पुढच्या वर्षी काय कापणार मग?"
आणि हसली.
मग हसता हसता थांबली,
फासा मुठीत तसाच.

या चालीसाठी माझ्याकडे नियम नव्हता.
मी वही मिटली.

सगळे गेल्यावर वाडगं उचललं.
एकाची पाच रोपं झाली होती, नकाशातला किल्ला भिजला होता,
आणि एक दांडा वर आलेला, टोकाशी जांभळं काहीतरी
अजून न उघडलेलं.
नदीत टाकणं बरं नव्हे. कचऱ्यात टाकावं
तर कचरा शेवटी कुठे जातो ते मला ठाऊक आहे.
बेसिनपाशी उभा राहिलो.
अंगठ्याखाली एक फुगा टचकन फुटला.

थोडा वेळ ऐकत राहिलो.
मग नळ सोडला,
वाडगं काठोकाठ भरलं
आणि गॅलरीत ठेवून दिलं.