काजळी

वारा उठायच्या आत शेतात पोचायचं असतं
हे मला बधातूने शिकवलं.
प्रशिक्षणाच्या पुस्तकातही ते होतं,
मी वाचून विसरले होते.

बेकोजीच्या वरच्या अंगाला तिचं बियाण्याचं शेत.
चिलालोचा माथा अजून ढगात,
बांधावर पिवळी फुलं, इथला पावसाळा सरल्याची.
सगळा गहू पोटरीत
आणि मधेच काही ओंब्या
दोन दिवस आधीच बाहेर, ताठ, काळ्या.

दाणा नाहीच. दाण्याच्या जागी भुकटी.
बोट लावलं तर बोटावर येते,
फुंकर घातली तर साऱ्या शेतावर.

बधातू कागदी पिशव्या ओल्या करून आणते.
झोपलेल्या बाळाला टोपरं घालावं
तशी ओंबीवर हलकेच चढवते,
मुठीत आवळते, मग मुळासकट उपटते,
फुटव्यांसकट.
"एक काळवंडली की तिची भावंडंही," म्हणते.
तिचा गुदेता खड्ड्यापाशी काडेपेटी घेऊन.
मी वहीत रेघा मारते,
चार उभ्या, पाचवी आडवी.

रेघा वाढतात.
शेजारच्या तुफाच्या गव्हाकडे मी बघते,
पण मधलं दीडशे मीटर रान मीच मोजलंय,
टेपचं दुसरं टोक बधातूच्या हातात होतं.
मग हे आलं कुठून?
तिने विचारलं नाही.
मला माहीत होतं.

गेल्या वर्षी मी इथे दुपारी आले होते.
जीप बिघडली होती, ऊन चढलं होतं, वारा सुटला होता.
काळं सगळं तोवर उडून गेलेलं,
गव्हात नुसते उघडे कणे उभे होते, पाच-सात,
आणि उघडे कणे मी मोजले नाहीत.
बाकीच्या ओंब्या तेव्हा फुलोऱ्यात होत्या,
दारं उघडी टाकून.

दाणा पुढे छान भरला.
टपोरा, तांबूस, चाळणीवर नाचणारा.
कोंबात कोण मांडी घालून बसलंय
हे डोळ्यांना कसं दिसावं?
चोळायचं औषध गोदामात उशिरा आलं.
मी म्हटलं, बी स्वच्छ आहे, पेरा.
पोत्यावरचा शिक्का माझा.

"नापास," मी म्हटलं. आणि मग बाकीचं सगळं,
जीप, दुपार, कणे.
तिने ओले हात घागऱ्याला पुसले.
"खायला चालेल ना?"
"चालेल. खायला काही होत नाही.
फक्त पेरायचं नाही."
"मग रडतेस कशाला?"
आणि पुढची पिशवी उघडून
माझ्या हातात दिली.

डिसेंबरात तिने निरोप धाडला.
त्याच गव्हाचा दाबो, पानांत गुंडाळून भाजलेला,
कड जराशी करपलेली, आत मऊ.
खाण्याआधी मी तुकडा उजेडाकडे धरला.
गुदेता खो-खो हसला.
तुकड्यात काही दिसत नव्हतं.
गेल्या वर्षीही दिसत नव्हतं.