माडामागे एक नारळ

नाव मी रीतसर घेतलं होतं,
वर्षाला आठशे नव्वद रुपये, पावती आहे.
नीलझोपस्वस्त डॉट कॉम.
अस्नोड्याला पुलाजवळच्या खोलीत बसून
मी लोकांना गाद्या निवडून द्यायचे:
कुठली कंबरेला बरी, कुठली जोडप्याला,
कुठली मे महिन्यातल्या घामाला.
स्वतः झोपले नव्हते एकीवरही.
माझ्या पानावरून पुढे जाऊन
कुणी गादी घेतली
की शंभरातले चार माझे.

बाबा पाडेली.
माडामागे एक नारळ, हा त्यांचा दर.
माड भाटकाराचा, शेंडा भाटकाराचा,
पडायची भीती तेवढी स्वतःची.
माझा धंदा मी त्यांना असाच समजावला होता.
म्हणजे चढायचं नाही? त्यांनी विचारलं.
नाही.
मग बरं आहे.

नोटीस शुक्रवारी आली. अकरा पानं.
आमच्या अशिलाच्या नोंदणीकृत चिन्हाशी
भ्रामक साधर्म्य असलेलं नाव
आपण दुर्हेतूने धारण केलेलं असून
चौदा दिवसांत ते सोपवावं, अन्यथा लवाद.
दुर्हेतू हा शब्द तीनदा. मी मोजला.
मला तर वाटलं होतं,
गादीचं नाव घेतलं तर गिऱ्हाईक सापडेल.
त्या हेतूला हा दुर् कधी चिकटला?

खरं सांगायचं तर चिकटला होता.
सोलापूरच्या एक अनसूया गड्डम
मलाच कंपनी समजून
डाग पडलेल्या गादीचे फोटो पाठवत राहिल्या,
आणि मी ती नव्हे, एवढं लिहायला
मी तीन दिवस लावले.

बाबांनी पेटीतून त्यांची फाईल काढली.
वाळवीने एक कोपरा नेलेला.
मुंडकाराच्या दाव्याची एकवीस वर्षं:
भाटकार वारला, त्याचा मुलगा लिस्बनला गेला,
म्हापशाला मामलेदार बदलले अकरा,
तारखा मात्र आपल्या घरच्यासारख्या येत राहिल्या.
मुंडकाराला उठवता येत नाही, ते म्हणाले,
कायदा आहे.
बाबा, तिथे मुंडकार नसतो.
मग राहायला गेलीस कशाला?

जेवताना पुन्हा:
जमीन त्यांची. कबूल.
भिंत कुणी घातली?

रात्री मी माझी भिंत शोधत बसले.
अर्धी कंपनीच्या माहितीपत्रकातली,
उरलेलीतली बरीच इकडून तिकडून उचललेली,
तारांकनं तर मी चहा पिता पिता दिलेली.
सगळ्यात खाली, कुणी पोचत नाही तिथे,
चार ओळी सापडल्या:
चाळीस वर्षं माडावर चढलेली पाठ
आडवी होते तेव्हा आधी खांदे टेकतात.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग कंबर, चोरासारखी.

तेराव्या दिवशी नाव देऊन टाकलं.
सोळा अक्षरांची किल्ली, एक मेल.
पलीकडून आभार आले,
खाली सही नव्हती, नुसतं चिन्ह,
निळं, झोपलेलं.

महिन्याभराने सवयीने तोच पत्ता टाकला.
कंपनीचं पान उघडलं.
पांढऱ्या चादरीवर हसणारं जोडपं,
पैकी कुणीही कधी माडावर चढलेलं नसावं,
आणि वर मोठ्या अक्षरांत:
आधी खांदे टेकतात. मग कंबर.

मधला बराच वेळ त्यांनी काढून टाकला होता.

मी बाबांना वाचून दाखवलं.
ते चटईवर होते, खांदे टेकलेले.
ऐकून घेतलं, कूस बदलली,
आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं,
म्हापशाला आता मामलेदार कोण आहे गो?