करंगळीचं माप

मिरजेत, सतारमेकर गल्लीत
मी ल्यूटचा नकाशा उलगडला, तेव्हा
बंदेअली मिस्त्रींनी आधी तो उलटा धरला.
मग म्हणाले, "अर्धा भोपळा. मान मोडलेला."
खरंच, खुंट्यांचं डोकं मागे काटकोनात पडलेलं.
चारशे वर्षांपूर्वी असं का करत
मला सांगता आलं नसतं. त्यांनी विचारलंही नाही.

तारेची लांबी सदुसष्ट सेंटिमीटर.
उसनं आणलेलं वाद्य याच मापाचं होतं:
पहिल्या पडद्यावर तर्जनी ठेवली
की करंगळी चौथ्याच्या अलीकडे, हवेत,
विहिरीच्या काठावरून
पाणी किती खोल ते बघणाऱ्या पोरासारखी.
दोन वर्षं मी समजत होते, रियाज कमी पडतोय.

त्यांनी नकाशा बाजूला सारला.
लाखेचे डाग पडलेल्या पाटावर जुनं वर्तमानपत्र,
त्यावर माझा डावा हात,
आणि कानामागची पेन्सिल बोटाबोटांतून फिरली.
गुदगुल्या झाल्या. हसायची चोरी.
"भोपळा वेलीवर वाढतो,
त्याला पुरे म्हणता येत नाही.
हे तर पट्ट्या जोडून करायचं. मग हट्ट कशाला?"

मी म्हटलं, लहान केलं तर सूर चढेल.
मूळचा सूर राहणार नाही.
"मूळचा कुणी ऐकलाय?
वरची तार तुटायच्या जरा अलीकडे थांबायचं.
तोच सूर."
त्या काळचे वादकही
शिष्यांना जवळजवळ हेच सांगत.
मी ते त्यांना बोलले नाही.

तूनच्या नऊ पट्ट्या, वाफेवर वाकवलेल्या.
पडदे बकऱ्याच्या आतड्याचे,
गाठ मात्र सतारीची.
अठ्ठावन्न सेंटिमीटर.

दिवाळीनंतर आणायला गेले.
करंगळी पोचली. पोचली एवढंच, दिमाख नाही.
पण खर्ज पातळ होता,
ताकात पाणी जास्त झाल्यासारखा.
त्यांनाही ऐकू आला. एक भुवई हलली.
"पोट लहान, आवाज लहान," म्हणाले,
"तेवढं घेऊन जा."

मग फळीवरून कागदांचा गठ्ठा काढला.
सगळे हातच हात,
पिवळे, वाळवी लागलेले, एक बांगडीसकट.
माझा त्यात खुपसला.
सगळ्यांत वरचा सहा बोटांचा होता.

याला कशी सतार दिलीत?

"अजून दिली नाही," ते म्हणाले.
"सोळा वर्षं झाली. विचार चाललाय."